दगडावर लिहिलेले, दगडाखाली पुरलेले

गेल्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस टाकवे बुद्रुकला बहिणीकडे राहिलो होतो. कान्ह्याला लोकलमधून उतरायचे, फाट्यावर रिक्षा गाठायची, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, की आंदर मावळ सुरू. एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि समोर ढगात अर्धे बुडालेले डोंगर. पाऊस लागला की वीज जाणार, हे तिथे गृहीतच असते. अशाच एका संध्याकाळी अकरावीतला भाचा खिडकीपाशी बसून हातातल्या यंत्राच्या काचेवर बोट घासत होता. लहानपणी आपण पाटी पुसायचो तसे, मागे-पुढे, नेटाने. डोकावून पाहिले तर काचेवर एक कोरा कागद होता. बोट फिरेल तिथे तो काळा होत होता आणि त्या काळ्यातून दगडावर कोरलेले एक चिन्ह उमटत होते.

"काय करतोयस रे?"

"रबिंग घेतोय, मामा. याच्यावरून पुढचा रस्ता कळतो."

मी मावळातल्या शिलालेखांच्या नादाला लागलेला माणूस. लेण्यांच्या भिंतींवरची ब्राह्मी अक्षरे लावण्यात सुट्ट्या घालवलेला. त्यामुळे हे वाक्य ऐकून आधी बरे वाटले आणि मग खटकले. कोरलेल्या अक्षरांवरून पुढचा रस्ता कळतो, हे खरे आहे का? कोणाला कळतो आणि तो कुठे जातो? पुढचे काही दिवस मी तो खेळ भाच्याकडून उसना घेऊन स्वतः खेळलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाची बोटे अशा कामाला किती नालायक असतात ते त्या घरात सर्वांनी पाहिले. पण खेळ संपवला.

खेळाचे नाव 'अनचार्टेड : गोल्डन अ‍ॅबिस'. सोनीच्या 'प्लेस्टेशन व्हिटा' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी अमेरिकेतल्या बेंड स्टुडिओने तो बनवला. १७ डिसेंबर २०११ रोजी व्हिटा जपानात विक्रीला आला त्याच दिवशी हा खेळही आला. बाकीच्या देशांत दोघे २०१२ च्या फेब्रुवारीत पोचले. व्हिटाचे उत्पादन २०१९ साली थांबले. 'अनचार्टेड' मालिकेतले पहिले तीन मोठे खेळ २०१५ साली एकत्र करून नव्या यंत्रासाठी पुन्हा काढले गेले, त्यात 'गोल्डन अ‍ॅबिस' नव्हता. तो जुन्या यंत्रातच अडकून राहिला. भाच्याने चिंचवडच्या कोणा मित्राकडून तो व्हिटा जुन्या बाजारभावाने घेतला, म्हणून मला दिसला. खजिन्याच्या शोधाचा खेळ स्वतःच असा कुठेतरी पुरला गेलेला असावा, यात गंमत आहे.

कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच सांगण्याजोगी आहे. नेथन ड्रेक हा हुशार, बडबड्या, धडपड्या खजिनाशोधक. जेसन दांते नावाचा जुना ओळखीचा त्याला पनामाच्या जंगलात नेतो. चारशे वर्षांपूर्वी तिथे एका स्पॅनिश मोहिमेची कत्तल झाली होती, तिचे रहस्य उकलायचे आहे. मारिसा चेस नावाची तरुणी भेटते; तिचे पुरातत्त्वज्ञ आजोबा बेपत्ता आहेत. रोबेर्तो गेरो हा बंडखोर सेनापती आपल्या सैन्यासह मागे लागतो. सगळ्यांना हवे आहे ते सोन्याचे दंतकथेतले शहर, क्विविरा. यात चेस तेवढी माणूस म्हणून उभी राहते, कारण तिला सोन्यापेक्षा आजोबांचे काय झाले हे जाणून घ्यायचे असते. दांते कंटाळवाणा आहे. गेरो तर आपल्याकडच्या जुन्या हिंदी सिनेमातून उसना आणल्यासारखा.

पण खेळाची समीक्षा नुसत्या कथेवरून करणे म्हणजे नाटकाची समीक्षा संहितेवरून करणे. खेळात काय सांगितले आहे यापेक्षा खेळणाऱ्याच्या हातून काय करवून घेतले आहे, हे पाहावे लागते. मराठीत या प्रकारावर अजून फारसे कोणी लिहीत नाही. मुले बिघडतात की नाही एवढ्यावरच आपली चर्चा थांबते.

हातांपाशी आले की हा खेळ खरोखर रंजक होतो. व्हिटाला पुढे स्पर्श ओळखणारी काच आहे, पाठीवरही स्पर्श ओळखणारा पत्रा आहे, दोन कॅमेरे आहेत आणि यंत्र कलले की त्याला ते कळते. नव्या यंत्राची ही सगळी नवलाई दाखवायची जबाबदारी या खेळावर होती. म्हणून कड्यावर चढताना बोटाने कपारींवरून रेघ ओढली की ड्रेक त्या रेघेने चढत जातो. मातीने माखलेली जुनी वस्तू सापडली की ती बोटांनी फिरवत, घासत स्वच्छ करायची. कोरीव चिन्हावर कागद ठेवून कोळशाने घासायचे. एका ठिकाणी तर कागदावरची लपलेली अक्षरे दिसावीत म्हणून आख्खे यंत्र खऱ्या दिव्यासमोर धरायला लावतात. म्हणजे पाठीमागच्या कॅमेऱ्याला उजेड मिळतो आणि अक्षरे उमटतात. टाकव्यात वीज गेलेली असताना मी हे दुचाकीच्या दिव्यासमोर केले. बहीण दारातून बघत होती. काही बोलली नाही.

यातले घासून पुसून वाचणे मला मनापासून आवडले, हे कबूल करायला हवे. सिनेमातला खजिनाशोधक एक कटाक्ष टाकतो आणि त्याला सारे कळते. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) पासून ही रीतच झाली आहे. इथे निदान खेळणाऱ्याला थांबावे लागते. मळ किती निघाला, कोपरा राहिला का, हे पाहावे लागते. शिलालेखाचा ठसा घेणे हे खरे काम याहून वेगळे असते: दगड धुऊन स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत दाबायचा आणि मग शाईची गादी हलक्या हाताने वर आपटायची. कागद सुकून सोडवला की शाई लागलेल्या काळ्यात खाचांतली अक्षरे पांढरी राहतात. कोळशाची घासणी हा त्याचा पोरसवदा भाऊ. तरी दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. डोळ्यांना न दिसणारे अक्षर हाताला आधी लागते. भाच्याला ते बोटातून कळले होते, हे मी पाहिले.

आता खटकलेली बाजू. हेच बोट, याच काचेवर, माणसे मारायलाही वापरले जाते. शत्रू जवळ आला की बोट एका दिशेला सर्रकन ओढायचे, ठोसा बसतो. पुन्हा ओढायचे, माणूस आडवा. मळ पुसायचा आणि माणूस पुसायचा हावभाव एकच. खेळ बनवणाऱ्यांनी हे ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. यंत्राची करामत दाखवायच्या घाईत ते झाले असावे. पण चिन्हाचा ठसा घेऊन झाल्यावर लगेच पुढच्या दालनात वीस-पंचवीस सैनिकांना गोळ्या घालायच्या, आणि ते संपले की पुन्हा शांतपणे मडक्यावरची माती पुसायची, हा क्रम पहिल्या तासाभरानंतर विनोदी वाटू लागतो आणि चौथ्या तासानंतर वाटेनासा होतो. वाटेनासा होतो ही गोष्ट जास्त गंभीर. त्या जंगलात राहणारा, शेती करणारा, गुरे राखणारा माणूस सबंध खेळात माझ्या लक्षात राहील असा एकही भेटला नाही. जे भेटले ते बंदुका घेऊन, मरण्यासाठी.

आणि खेळाच्या मुळाशी असलेली दंतकथा पाहिली तर हे रिकामे जंगल साधे राहत नाही. क्विविरा आणि सिबोला ही सोन्याची नगरे स्पॅनिश लोकांनी खरोखर शोधली होती. १५३९ साली मार्कोस दे निसा हा धर्मोपदेशक आजच्या न्यू मेक्सिकोच्या दिशेने गेला आणि आपण दुरून एक भव्य नगर पाहिले, असे सांगत परतला. त्याच्या पुढे गेलेला एस्तेबान हा मूळचा आफ्रिकेतला गुलाम तिथेच मारला गेला. त्या सांगण्यावर विसंबून पुढच्या वर्षी कोरोनादो सैन्य घेऊन निघाला. त्याला सापडले ते झुनी लोकांचे मातीदगडाच्या घरांचे गाव. लढाई झाली, गाव घेतले, सोने नव्हते. मग आणखी पुढे क्विविरा आहे असे एका वाटाड्याने सांगितले. १५४१ साली सैन्य आजच्या कॅन्सासपर्यंत गेले. तिथे गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. वाटाड्याचा गळा आवळून त्याला मारण्यात आले.

इतिहासाने या अफवेचा निकाल असा लावलेला आहे. सोने नव्हतेच. खेळाने काय केले? सोन्याचे नगर कॅन्सासात नव्हते, पनामात होते, असे म्हटले. म्हणजे अफवा खरी, पत्ता तेवढा चुकला. कोरोनादोला जे मिळाले नाही ते ड्रेकला मिळते, कारण तो जास्त चांगला वाचक आहे. या प्रकारच्या सर्वच खेळांच्या पायाशी हा समज आहे: प्राचीन माणसाने जे काही कोरले ते काहीतरी लपवण्यासाठी कोरले, आणि त्याचा खरा वाचक म्हणजे शेकडो वर्षांनी बाहेरून येणारा, दोर आणि पिस्तूल घेतलेला पाहुणा.

हे परदेशाचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. याच मालिकेतला 'द लॉस्ट लेगसी' हा खेळ (२०१७; तो मात्र मोठ्या यंत्रासाठी) थेट आपल्या पश्चिम घाटात घडतो. क्लोई फ्रेझर आणि नेडीन रॉस या दोघी होयसळांच्या अवशेषांतून गणपतीचा सुळा शोधतात. परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात तुटल्याची कथाही त्यात कामाला लावली आहे. डोंगर सुंदर काढले आहेत. ढग कड्यावर अडकतो तो अगदी आपल्यासारखा. मात्र तिथलेही घाट माणसांवाचूनचे आहेत. हळेबिडूच्या शिल्पींनी आपली नावे दगडावर लिहून ठेवली, हे जगाच्या कलेतले केवढे नवल. पण खेळात शिल्पाचा उपयोग कळ फिरवण्यापुरता.

मावळात येऊ या. या मुलखाचे नाव दगडावर लिहिलेले आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनकालीन लेखात 'मामल' या विभागाच्या अमात्याला उद्देशून आज्ञा आहे, आणि मावळ हे नाव तिथवर मागे नेता येते. त्याच लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक इथल्या भिक्षूंसाठी गाव दिल्याची नोंद आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले असे लिहिले आहे, आणि तसे संबंध जंबुद्वीपात नाही असा अभिमानही सोबत. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत, कोणी कोणता खांब दिला ते. बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान. तिथेच पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारथिनीचा लेख: हे टाके तिचे दान. मावळातल्याच पाले गावच्या लेण्यातला लेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी उजेडात आणला. अर्हतांना नमस्कार करून तो सांगतो की भदंत इंद्ररक्षिताने लेणे करवले आणि पोढी करवली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

हे सगळे लेख ओळीने वाचा. यातला एकही काही लपवत नाही. लेखाचा हेतूच मुळी उलटा आहे. कोणी दिले, काय दिले, कोणासाठी दिले, हे चारचौघांना दिसेल अशा जागी, दारावर, खांबावर, टाक्यावर कोरायचे. आजच्या देवळातल्या फरशीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असते, त्याचे हे पूर्वज. शिलालेख ही पावती आहे. तिच्यातून पुढचा रस्ता निघत नाही. असलाच तर मागचा निघतो, नाशिककडे, वैजयंतीकडे, देणाऱ्याच्या घराकडे. १८८१ साली बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख पुस्तकरूपाने छापले, तेव्हापासून त्यांत गूढ असे काही उरलेले नाही. उरले आहे ते आश्चर्य. एका स्त्रीने दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात पाण्याची सोय केली आणि ते टाके अजून भरते.

खेळाच्या वाचनपद्धतीवर माझा आक्षेप आहे तो इथे. ती निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता आली असती, जर तीच पद्धत आपल्याकडे कुदळ-पहारीसह चालू नसती. गुप्तधनाचा नाद महाराष्ट्राला नवा नाही. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, हंड्यावर भुजंग राखण करतो, नशिबात नसलेल्याने हात लावला की मोहरांचे कोळसे होतात, हे आपण आजीकडून ऐकलेले आहे. (या खेळात कोळसा घासून सोने मिळते. आजीला हे पटले नसते.) कथा म्हणून यात वाईट काही नाही, उलट लोभावर चांगला लगाम आहे. पण तिच्यातून निघालेला एक ठाम समज गावोगाव आहे की जुन्या दगडावर चंद्र-सूर्य कोरलेले असले तर ती धनाची खूण. वीरगळ, गद्धेगाळ, दानलेख, या साऱ्यांवर चंद्र-सूर्य असतात. त्यांचा अर्थ साधा आहे: चंद्र-सूर्य असेतोवर ही कीर्ती, हे दान टिको. गद्धेगाळ तर बजावतो की हे दान मोडू नका, मोडाल तर शिवी लागेल. ज्या दगडाने 'हात लावू नका' म्हणून सांगितले, तोच दगड 'इथे खणा' असा वाचला जातो आणि अमावास्येच्या रात्री उपटून फेकला जातो. उपटलेल्या वीरगळाखाली मातीच निघते. पण तो कोणत्या शिवेवर, कोणत्या देवळासमोर उभा होता ही माहिती त्या रात्री कायमची जाते. पुढे तो एखाद्या ओढ्यात धुण्याचा दगड होऊन सापडला तरी त्याला गाव उरत नाही.

याहून भयंकरही घडते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन आणि मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये आणि नरबळी यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यातच सारे आले.

पुरलेल्या धनाबद्दल आपल्याकडे आणखी एक कायदा आहे, १८७८ चा. अजून लागू आहे आणि वाचायला मजेदार आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत पुरलेले सापडले की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. आणि ऐवज जवळच्या सरकारी तिजोरीत भरायचा किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर नोटीस. ती निघाल्यापासून चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या पुढे नाही अशी हक्कदारांच्या सुनावणीची तारीख. धन शंभर वर्षांहून जुने आणि बेवारस ठरले, आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. कळवले नाही तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नेथन ड्रेकला आंदर मावळात सोने सापडले तर त्याची पुढची सहा महिने पुण्याला खेप असेल, हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हा गेम कोण घेणार मामा?" खरे आहे. कोणी घेणार नाही. मात्र त्या रटाळ कलमांत एक गोष्ट आहे जी खेळात नाही. सापडलेल्या वस्तूवर आपल्याखेरीज दुसऱ्याचा हक्क असू शकतो, आणि त्याला येऊन तसे म्हणायला वेळ द्यायचा असतो.

मावळात खरा खजिना कधी नव्हताच का? होता, आणि तो कुठे होता हेही माहीत आहे. सुरतेच्या पहिल्या लुटीतला ऐवज नेताजी पालकरांनी लोहगडावर आणून ठेवला असे सांगतात. पुढे उत्तर पेशवाईत नाना फडणवीसांनी आपली संपत्ती त्याच गडावर हलवली आणि गड विश्वासातल्या धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या ताब्यात दिला. गडावर लक्ष्मी कोठी नावाची खोदीव दालने आजही दाखवतात. लोहगड २०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे आता रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. नानांनी त्या गडावर एक बावडीही बांधवली, आणि लेख आहे तो बावडीपाशी. धन ठेवणाऱ्याने धनाबद्दल चकार शब्द कोरला नाही, पाण्याबद्दल कोरला. सामडिनिकेपासून नानांपर्यंत सुमारे अठराशे वर्षे गेली, राज्ये किती बदलली, पण दगडावर काय लिहायचे याविषयीची मावळातली समजूत फारशी बदललेली दिसत नाही.

मावळाविषयी लिहिल्या गेलेल्या साहित्यातही खजिन्यामागे निघालेला नायक मला विशेष भेटत नाही. तळेगाव दाभाड्याला घर केलेल्या गो. नी. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी'तला धोंडी गडाच्या हवालदारीला चिकटून आहे. 'माचीवरला बुधा'तला बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परत येतो तो राहण्यासाठी. दोघेही जागेला धरून राहणारे. यांच्यावर खेळ निघाला तर तो कसा असेल? कुठे जायचे नाही, काही न्यायचे नाही, आहे ते सांभाळायचे. मला हा विचार हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. दिवाळीत आपली पोरे अंगणात किल्ला करतात तो असाच खेळ आहे. दगड रचा, माती लिंपा, अळीव पेरा, मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडा, टाके करून त्यात पाणी टिकवा. दर वर्षी टाके गळते. दर वर्षी कोणीतरी प्लॅस्टिक अंथरण्याचा शोध नव्याने लावतो. किल्ल्यात कोणी काही पुरत नाही. चित्रे, ध्वनी, गोष्ट यांत 'गोल्डन अ‍ॅबिस'शी त्याची बरोबरी होणार नाही, पण खेळणाऱ्याला त्या जागेचा धनी करण्यात तो कितीतरी पुढे आहे.

असे असूनही भाच्याच्या हातून तो व्हिटा काढून घ्यावा असे मला कधी वाटले नाही. बोटाला दगडाची खाच शोधायची ओढ त्याच खेळाने लावली होती. शाळेने लावली नव्हती, मीही नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पावसाने उघडीप दिल्यावर दोघे दुचाकीवरून बेडशाला गेलो. कामशेतहून पवनेच्या अंगाला वळलो, गाव मागे टाकले, पायऱ्या चढलो. पिशवीत त्याने ड्रॉइंगचे पांढरे कागद आणि चारकोलची कांडी आणली होती, हे मला वर पोचल्यावर कळले.

चैत्याच्या दारातले ते उंच खांब, वर हत्ती-घोड्यांवर बसलेल्या जोड्या, हे तो पाहतच राहिला. मग टाक्यापाशी आलो. मी लेख दाखवला. त्याने कागद काढला, एका हाताने भिंतीवर धरला.

"नाही," मी म्हटले. "संरक्षित स्मारक आहे. कोळसा लावायचा नाही. ठसा घ्यायला परवानगी लागते."

"मग वाचायचं कसं?"

"ऊन तिरपं येईपर्यंत थांबायचं."

थांबलो. बराच वेळ ढगच होते. त्याने व्हिटा काढला आणि त्याच्या पाठीमागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवला. फोटो वाईट आला. मग क्षणभर ऊन पडले आणि अक्षरांच्या कडांना सावली आली. मी बोट न लावता एकेक अक्षर दाखवत गेलो. म, हा, र, ठि. त्याने चौथे अक्षर स्वतः ओळखले, कारण ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसते वर्तुळ.

"काय लिहिलंय सगळं?"

"एका बाईने हे टाकं दिलं."

"कोणाला?"

"इथे राहायचे त्यांना. पाणी प्यायला."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

तो टाक्याच्या काठाशी ओणवा झाला. आत पाणी काठोकाठ होते, हिरवट, आणि त्यावर चिप्सचे एक रिकामे पाकीट तरंगत होते. ते हाताला येत नव्हते. त्याने चारकोलच्या कांडीने ते हळूहळू काठाकडे ओढून घेतले, झटकले आणि कोऱ्या कागदांबरोबर पिशवीत टाकले.